तेरा शाळांमधली वरची तुकडी

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

शिकागोच्या सरकारी शाळा देशातल्या सर्वांत वाईट शाळा आहेत, असं अमेरिकेचे तेव्हाचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट 1987 मध्ये जाहीरपणे बोलून गेले. शहराला हे वाक्य पुढची कित्येक वर्षं चिकटून राहिलं. 1995 मध्ये इलिनॉय राज्याने या शाळांचा कारभार थेट महापौरांच्या हाती दिला आणि महापौर रिचर्ड डेली यांनी आपल्या अंदाजपत्रकाचं काम पाहणारे पॉल व्हॅलस यांना शाळांच्या प्रमुखपदी बसवलं. पदाचं नाव शिक्षणाधिकारी वगैरे नाही. कंपनीत असतं तसं, सीईओ. हा आकडेमोडीतला माणूस. त्याच्या कारकिर्दीत, 1997 मध्ये, शहरभर विखुरलेल्या 13 साध्या हायस्कुलांत इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा, म्हणजे आयबीचा, डिप्लोमा अभ्यासक्रम सुरू झाला.

साधी हायस्कुलं म्हणजे ज्यांना प्रवेश परीक्षा नाही, आसपासच्या चार-सहा रस्त्यांवरची मुलं जिथे आपसूक जातात, अशी. बहुतेक मुलं कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो, बहुतेकांची घरं गरीब, आणि घरातून कॉलेजात गेलेला कुणी नाही. जगातल्या अवघड शालान्त परीक्षांमध्ये गणली जाणारी परीक्षा या शाळांत आणण्याचा हा खटाटोप होता. याच काळात शहराने प्रवेश परीक्षा असलेल्या निवडक शाळाही उघडल्या. नॉर्थसाइड 1999 मध्ये आली, वॉल्टर पेटन 2000 मध्ये. हुशार मुलांना तिकडे उचलून न्यायचं की त्यांच्याच वस्तीत अवघड अभ्यासक्रम पोचवायचा, असे दोन मार्ग होते, आणि शिकागोने दोन्ही एकदम धरले. आजच्या व्याख्यानाचा विषय दुसरा मार्ग आहे.

आयबी जन्माला आली ती अगदी वेगळ्या मुलांसाठी. जिनिव्हात 1924 मध्ये राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी एक आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. बापाची बदली झाली की मूल दुसऱ्या देशात, आणि तिथलं विद्यापीठ आधीच्या देशाचं प्रमाणपत्र मानेना. एकाच वर्गातल्या मुलांना कुणाला फ्रेंच, कुणाला ब्रिटिश, कुणाला अमेरिकन परीक्षेसाठी वेगवेगळं शिकवावं लागे. यातून सुटका म्हणून तिथल्या शिक्षकांनी सर्वांना चालेल अशी एक परीक्षा आखायला घेतली. 1968 मध्ये आयबीची संस्था रीतसर स्थापन झाली, ऑक्सफर्डचे अलेक पीटरसन तिचे पहिले महासंचालक झाले आणि 1970 पासून परीक्षा सुरू झाल्या. म्हणजे राजदूतांच्या आणि बड्या कंपन्यांच्या साहेबांच्या पोरांची सोय. तीस वर्षं होण्याच्या आत तोच अभ्यासक्रम शिकागोच्या गरीब वस्त्यांतल्या पोरांपर्यंत जाईल, असं पीटरसन यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांना ते आवडलं असतं, एवढं त्यांच्या लिखाणावरून म्हणता येतं. मुलाच्या डोक्यात माहिती भरणं हा त्यांच्या लेखी शिक्षणाचा उद्देशच नव्हता.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आपल्या अकरावी-बारावीएवढा. सहा विषय: आपली भाषा आणि तिचं साहित्य, दुसरी भाषा, समाजशास्त्रं, विज्ञान, गणित आणि कला (कलेऐवजी आधीच्या गटांतला आणखी एक विषय चालतो). तीन विषय वरच्या पातळीवर घ्यायचे, प्रत्येकी 240 तास. बाकीचे 150 तास. विज्ञान घेतलं म्हणून इतिहास सुटत नाही आणि कला घेतली म्हणून गणित सुटत नाही. प्रत्येक विषयाला जास्तीत जास्त 7 गुण, म्हणजे 42, आणि वर 3. एकूण 45 पैकी किमान 24 मिळाले, शिवाय काही अटी पुऱ्या झाल्या, तर डिप्लोमा.

ते वरचे तीन गुण मिळतात दोन कामांवर. एक, चार हजार शब्दांपर्यंतचा निबंध. विषय विद्यार्थ्याने निवडायचा, प्रश्न त्यानेच घडवायचा, पुस्तकं त्यानेच शोधायची. मार्गदर्शक शिक्षकाशी तीन औपचारिक बैठका होतात. शेवटच्या बैठकीत शिक्षक विचारतो: तुझं मत कुठे बदललं, कोणता पुरावा तुला अडचणीचा वाटला? सोळा-सतरा वर्षांच्या पोराला असा प्रश्न बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच विचारला जातो. दुसरं काम ज्ञानमीमांसेचं, म्हणजे आपल्याला जे माहीत आहे ते कसं माहीत आहे याचा विचार. त्यात हल्ली एक प्रदर्शन असतं. 35 ठरलेल्या प्रश्नांपैकी एक निवडायचा आणि खऱ्या जगातल्या तीन वस्तू घेऊन 950 शब्दांत त्याच्याशी जोडायच्या. वस्तू महाग असायला हव्यात असं कुठेच म्हटलेलं नाही. आजीच्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, घरमालकाची नोटीस आणि बसचा नकाशा एवढ्यावरही उत्तम काम होऊ शकतं. फक्त 'पुरावा कुणाचा मानायचा' हे पोराला त्या चिठ्ठीत आणि नोटिशीत दिसायला हवं. तिसरा भाग सेवा, कला आणि खेळ यांचा. त्याला गुण नाहीत, पण तो पुरा केल्याशिवाय डिप्लोमाही नाही.

हे सगळं ज्याच्या घरात पुस्तकांचं कपाट आहे त्याला जड जातं आणि ज्याच्या घरात नाही त्याला अधिक जड जातं. शिकागोत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून लिंकन पार्क हायस्कुलात आयबी होती. उत्तरेकडची, तुलनेने खात्यापित्या भागातली शाळा. तिथे जमलं ते इतरत्र जमेल का, हा 1997 मधला खरा प्रश्न होता.

आपल्याकडे 'अ' तुकडीत बसलेल्या किंवा बसू न शकलेल्या कुणालाही त्या 13 शाळांतली रचना लगेच कळेल. शाळा तीच, इमारत तीच, पण नववीपासून एक वेगळी तुकडी. आठवीपर्यंतचे गुण, हजेरी आणि शिफारस पाहून मुलं घ्यायची, दोन वर्षं त्यांची तयारी करून घ्यायची आणि अकरावी-बारावीत डिप्लोमा. चांगले शिक्षक या तुकडीला. मुलं चार वर्षं एकत्र असतात, एकमेकांच्या निबंधांची झाडाझडती घेतात, रात्री उशिरापर्यंत फोनवर. जेवणाच्या सुट्टीत मात्र बाकीची शाळा त्यांच्याकडे कशा नजरेने बघत असेल ते ओळखायला संशोधकाची गरज नाही. शाळेच्या आत शाळा उभी करण्याचा फायदा आणि त्याची किंमत एकाच वर्गखोलीत दिसते.

शिकागो विद्यापीठाची शाळांवर संशोधन करणारी एक तुकडी, कन्सॉर्शियम, गेली तीसेक वर्षं या शहराच्या शाळांचा पिच्छा पुरवते आहे. 2012 मध्ये तिने या डिप्लोमाच्या मुलांचा अहवाल काढला. आठवीपर्यंतचे गुण आणि घरची परिस्थिती सारखी असलेली, पण या तुकडीत न गेलेली मुलं शोधून त्यांच्याशी तुलना केली. निष्कर्ष असा की डिप्लोमा अभ्यासक्रमातली मुलं चार वर्षांच्या कॉलेजात जाण्याची शक्यता 40 टक्क्यांनी अधिक, आणि अधिक निवडक कॉलेजात जाण्याची 50 टक्क्यांनी अधिक. पहिली दोन वर्षं तिथे टिकून राहण्यातही ती पुढे. कॉलेजात गेलेल्या मुलांच्या प्रदीर्घ मुलाखतीही आहेत. लेखन, युक्तिवाद, वेळ कसा वापरायचा, अडलं की प्राध्यापकाच्या दारात जाऊन विचारायचं, याची भीड चेपली होती असं ती सांगतात. गणित-विज्ञानाच्या वर्गात मात्र तेवढा आत्मविश्वास नव्हता. वस्तीतल्या शाळेत भौतिकशास्त्राचा चांगला शिक्षक मिळवणं चांगला इंग्रजीचा शिक्षक मिळवण्यापेक्षा अवघड, आणि हे फक्त शिकागोतलं दुखणं नाही.

या अहवालातली सगळ्यात अडचणीची गोष्ट वेगळीच आहे. शिकागोतल्या पुष्कळ मुलांना प्रत्यक्षात डिप्लोमा मिळालाच नव्हता. 24 गुणांचा उंबरठा ओलांडता आला नाही, किंवा एखाद्या विषयात अट हुकली. परीक्षेच्या निकालाच्या हिशेबाने ती नापास. तरीही दोन वर्षं तो अभ्यास केल्याचा फायदा पुढच्या आयुष्यात मोजता येईल एवढा दिसला. आपल्याकडे वर्तमानपत्रं उत्तीर्णांची टक्केवारी छापतात आणि शाळांची किंमत त्यावर ठरते. त्या मापाने ही 13 शाळांची योजना फसलेली म्हणावी लागेल. गरीब मुलांना अवघड अभ्यासक्रम द्यावा का, या वादात 'ती पास होतील का' हा प्रश्न पहिला विचारणाऱ्यांनी हा अहवाल दोनदा वाचायला हवा.

गळतीही मोठी होती. नववीत या वाटेवर पाऊल टाकलेल्यांपैकी बरीच मुलं अकरावीपर्यंत पोचलीच नाहीत. काही स्वतःहून सोडून गेली, काहींना 'तुला झेपणार नाही' असं सांगण्यात आलं. तुलना अकरावीत डिप्लोमाचा अभ्यासक्रम घेतलेल्यांची झाली, गळालेल्यांची वेगळी मोजदाद आहे. योजनेच्या समर्थकांनी 40 आणि 50 टक्के हे आकडे सभांत वापरले तेव्हा हा भाग बहुधा गाळला. तो न गाळताही आकडे चांगलेच आहेत.

आणि अभ्यास केला, अर्ज मात्र केला नाही, अशीही गोष्ट आहे. याच कन्सॉर्शियमने 2009 मध्ये शिकागोच्या वरच्या तुकड्यांतल्या, म्हणजे आयबी, निवडक शाळा वगैरेंतल्या मुलांचा पाठलाग केला. ज्या कॉलेजात सहज प्रवेश मिळाला असता तिथे अर्जच न करता जवळच्या, कमी दर्जाच्या कॉलेजात नाव घातलेली कितीतरी मुलं त्यांना सापडली. आर्थिक मदतीचा सरकारी अर्ज भरलेला नाही, शिफारसपत्र मागायला उशीर झालेला, घरात सांगणारं कुणी नाही. चार हजार शब्दांचा निबंध लिहिणारी मुलगी मदतीच्या अर्जात वडिलांच्या उत्पन्नाच्या रकान्यापाशी अडकते. यासाठी शाळेत एक जाणता समुपदेशक लागतो, ज्याच्याकडे चारशे मुलं नसून शंभर असतील. हा खर्च शाळा सुरू करताना कुणी अंदाजपत्रकात धरत नाही.

2012 मध्येच महापौर रॅम इमॅन्युएल यांनी आयबी वाढवण्याची घोषणा केली. आता केवळ एक तुकडी नव्हे, काही शाळा सबंधच आयबीच्या. त्यांत एज्वॉटरमधली सेन, हाइड पार्क अकॅडमी आणि हम्बोल्ट पार्कजवळची रोबेर्तो क्लेमेंते. क्लेमेंते ही पोर्तो रिकोच्या लोकांची शाळा. तिचं नाव ज्या बेसबॉलपटूवरून पडलं तो 31 डिसेंबर 1972 रोजी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला. शाळेजवळ डिव्हिजन स्ट्रीटवर पोर्तो रिकोच्या ध्वजाच्या पोलादी कमानी आहेत. अशा शाळेत आयबीचा एक नियम कामाला येतो: भाषा-साहित्याचा पहिला विषय घरच्या भाषेत घेता येतो आणि दोन भाषांत हा अभ्यास केला की द्विभाषिक डिप्लोमा मिळतो. ज्या स्पॅनिशला शाळेत आजवर अडचण म्हणून नोंदवलं जायचं, तिचे आता गुण मिळतात. बॅक ऑफ द यार्ड्स या वस्तीत 2013 मध्ये नवी शाळाच उघडली आणि तिच्या आवारातलं ग्रंथालय शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाशी जोडलेलं ठेवलं. ही जुन्या कत्तलखान्यांच्या मागची वस्ती. तिथली पशुबाजारपेठ 1971 मध्ये बंद झाली आणि रोजगार गेला.

एका हाताने हे चालू असताना दुसऱ्या हाताने त्याच प्रशासनाने 2013 मध्ये सुमारे 50 सरकारी शाळा बंद केल्या. बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या. आयबीचं स्वागत करणाऱ्या पालकसभांत आणि बंदीविरुद्धच्या मोर्चात काही चेहरे तेच असणार. शहराच्या नकाशावर एखादी वस्ती नव्या अभ्यासक्रमाने उजळली की शेजारच्या रस्त्यावर एका शाळेला कुलूप. शिकागोची बाजू घेणाऱ्यांना हे मान्य करावं लागतं.

पैशाचा हिशेब साधा आहे, पण त्याचा तपशील ऐकण्यासारखा आहे. शाळेला मान्यता मिळवायला दोन-तीन वर्षं लागतात, शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठवावं लागतं, आणि मान्यतेनंतर वर्षाला साडेअकरा-बारा हजार डॉलरच्या घरात फी आयबीच्या संस्थेला जाते. विद्यार्थ्याच्या माथी एका विषयाला सव्वाशे डॉलरच्या आसपास परीक्षा शुल्क. सहा विषय म्हणजे सातशेच्या वर. यावर 172 डॉलरचं नोंदणी शुल्क वेगळं होतं, ते संस्थेने 2019 मध्ये रद्द केलं. संघ सरकारची गरीब मुलांचं परीक्षा शुल्क भरण्याची एक योजना होती. 2015 च्या नव्या शिक्षण कायद्याने ती वेगळी न ठेवता राज्यांना दिल्या जाणाऱ्या मोघम अनुदानात मिसळली गेली. आता हे पैसे परीक्षेसाठी द्यायचे की वाद्यवृंदासाठी, हे स्थानिक शाळा-जिल्हा ठरवतो.

व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स परगण्याने मात्र 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून हे शुल्क आपणच भरायला घेतलं आणि बदल्यात एक अट घातली: वर्गात बसलात तर परीक्षा द्यायचीच. वॉशिंग्टन पोस्टचे वार्ताहर जे मॅथ्यूज यांनी याच परगण्यातल्या माउंट व्हर्नन हायस्कुलावर इयान हिल यांच्यासह 2005 मध्ये एक पुस्तक लिहिलं. मॅथ्यूज यांचा शाळा मोजायचा एक हट्टी ताळा आहे. अवघड परीक्षा एकूण किती दिल्या गेल्या भागिले किती मुलं शाळेतून पास झाली; किती जणांना किती गुण मिळाले याचा हिशेब नाही. कारण त्यांच्या मते गुण पाहिले की मुख्याध्यापक दारातच कमकुवत मुलाला अडवतात. टीकाकार म्हणाले, मग मुख्याध्यापक उगाच मुलं परीक्षेच्या बाकावर बसवतील. दोघांचंही खरं आहे, पण चूक कोणत्या बाजूची चालेल हे आधी ठरवायचं असतं, आणि मॅथ्यूज यांनी ते उघडपणे ठरवलं.

फ्लोरिडाने हेच कायद्यात घातलं, त्यांच्या खास हिशेबी पद्धतीने. एखाद्या विषयात मुलाला 4 किंवा अधिक गुण मिळाले की अनुदानाच्या गणतीत शाळेला 0.16 विद्यार्थी जास्त धरला जातो आणि शिक्षकाला त्या मुलामागे 50 डॉलर. नापास झाल्याचा दंड नाही, म्हणून जास्त मुलं आत घेण्यात शाळेचा तोटा नाही. कायदा करणाऱ्याला मुख्याध्यापकाच्या मनातलं कळत होतं, एवढं तरी यावरून दिसतं.

पण दार उघडं ठेवणं आणि मूल आत येणं यांत अंतर राहतंच, कारण आत ये म्हणून सांगणारा एक माणूस लागतो, आणि तो सांगतो कुणाला? ज्याचा मोठा भाऊ आधी तिथे होता, ज्याची आई शिक्षकांना भेटते, जो वर्गात हात वर करतो. सिअॅटलच्या दक्षिणेकडच्या फेडरल वे या शाळा-जिल्ह्याने 2010 मध्ये हे सांगणंच काढून टाकलं. राज्याच्या परीक्षेत जो ठरलेली पातळी गाठेल तो आपोआप अवघड अभ्यासक्रमात, मग तो आयबी असो, केंब्रिज असो वा अमेरिकन कॉलेज बोर्डाचा. नको असेल तर पालकांनी तसं लिहून द्यायचं. पहिल्याच वर्षी अशा वर्गांतल्या मुलांची संख्या सुमारे 70 टक्क्यांनी वाढली. एका वर्षात मुलं काही हुशार झाली नव्हती. आधीही ती तेवढीच होती, फक्त अर्ज करण्याची पायरी त्यांच्या वाटेत होती. 2019 मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदा करून प्रत्येक जिल्ह्याला असं धोरण स्वीकारणं बंधनकारक केलं. गेल्या तीस वर्षांत या विषयावर झालेल्या सगळ्या घोषणांपेक्षा हा बदल स्वस्त आणि परिणामकारक वाटतो. फॉर्म उलटा केला, एवढंच.

फेडरल वेपासून फार लांब नसलेल्या रेनिअर बीच या सिअॅटलच्या शाळेची गत आयबी येण्याच्या आधी इतकी वाईट होती की ती बंद करण्याच्या गोष्टी चालू होत्या. पालकांनी धरणं धरल्यासारखा आग्रह करून तिथे आयबी आणवली. 2011 मध्ये शाळा पूर्ण करणाऱ्या मुलांचं प्रमाण निम्म्याच्या जरा वर होतं. 2014 मध्ये ते तीन-चतुर्थांशांच्या पुढे गेलं. हे सगळं आयबीनेच केलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, कारण नवे मुख्याध्यापक, नवे शिक्षक आणि संघ सरकारचं अनुदान हे सगळं त्याच काळात आलं. अनुदान संपल्यावर दरवर्षी पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न त्या शाळेला चुकला नाही.

विरोधही झाला आहे. पेनसिल्व्हेनियातल्या अपर सेंट क्लेअर या सुखवस्तू उपनगरात शिक्षण मंडळाने 2006 मध्ये आयबी बंद करण्याचा ठराव केला. हा परदेशी, अमेरिकाविरोधी अभ्यासक्रम आहे, असं काही सदस्यांचं म्हणणं. पालक न्यायालयात गेले आणि अभ्यासक्रम परत आला. गरीब वस्तीतल्या शाळेला न्यायालयात जाणं परवडलं असतं का, हा वेगळा प्रश्न.

मग 2020 आलं. करोनामुळे मे महिन्याची परीक्षा रद्द झाली आणि जगभरातल्या पावणेदोन लाखांच्या आसपास मुलांचे गुण एका सूत्रावरून काढले गेले. सूत्रात अंतर्गत मूल्यमापन, शिक्षकांचा अंदाज आणि त्या शाळेचे आधीच्या वर्षांचे निकाल. तिसरा घटक इथे महत्त्वाचा आहे. ज्या शाळेचा इतिहास कमजोर, तिथल्या त्या वर्षीच्या तल्लख मुलीला त्या इतिहासाचं ओझं. नव्याने आयबी सुरू केलेल्या शाळेला तर इतिहासच नाही. गदारोळ झाला, ऑगस्टमध्ये संस्थेने पद्धत बदलून गुण पुन्हा दिले. दारं उघडण्यासाठी केलेल्या सगळ्या खटपटीवर एका गणिती सूत्राने काय बेतू शकतं, हे त्या उन्हाळ्यात दिसलं.

एक्वाडोरचा धडा याहून मोठ्या आकाराचा आहे. 2006 मध्ये तिथल्या सरकारने आयबीशी करार केला आणि पुढच्या दशकात दोनशेहून अधिक सरकारी शाळांत डिप्लोमा सुरू झाला. शिक्षण स्पॅनिशमध्ये, शुल्क सरकारचं. अँडीजच्या खेड्यांतल्या शाळाही त्यात. पण शाळा मोजणं सोपं असतं, त्या प्रत्येक शाळेत वरच्या पातळीचं गणित शिकवणारा माणूस पाठवून तो तिथेच राहील असं पाहणं अवघड. जपाननेही 2013 मध्ये 200 शाळांचं लक्ष्य ठेवलं आणि जपानी-इंग्रजी अशा दोन भाषांतला डिप्लोमा मागून घेतला. शाळा वाढवण्याबरोबर भाषेचीही सोय करायची, असा हा प्रयत्न होता.

आता आपल्याकडे. अमेरिकेतल्या आयबी शाळांपैकी जवळपास 90 टक्के सरकारी आहेत. भारतात 1976 मध्ये कोडईकनालच्या आंतरराष्ट्रीय शाळेतून सुरुवात झाली आणि आजही या अभ्यासक्रमाचा पत्ता विचारला तर बहुधा मुंबईचा, पुण्याचा, बंगळूरूचा एखादा काचेचा दरवाजा आणि वर्षाची काही लाखांची फी डोळ्यांपुढे येते. एकच डिप्लोमा, पण इकडे तो हायवेवरच्या जाहिरातफलकावर विकला जातो आणि तिकडे नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात मांडला जातो. अपवाद नाहीत असं नाही. मुळशीजवळच्या पौडच्या डोंगरावर 1997 मध्ये, म्हणजे शिकागोच्याच वर्षी, महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झालं, तिथे मुलांची निवड देशोदेशींच्या समित्या करतात आणि गरजेप्रमाणे शिष्यवृत्ती मिळते. मुंबई महापालिकेने आपली एक शाळा केंब्रिजला आणि विलेपार्ल्यातली एक शाळा आयबीच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला जोडण्याचं काम हाती घेतलं. आंध्र प्रदेश सरकारने जानेवारी 2024 मध्ये सरकारी शाळांसाठी आयबीशी करार केला आणि त्याच वर्षी तिथलं सरकार बदललं.

महाराष्ट्राने हा अभ्यासक्रम घ्यावा की आपल्याच राज्य मंडळाच्या बारावीला तसा भक्कम निबंध आणि तसे प्रश्न जोडावेत, हा वाद आज बाजूला ठेवू. पण जे कुणी ते मनावर घेतील त्यांच्यासाठी दोन अडचणी इथल्या खास आहेत. आयबीची परीक्षा मेमध्ये आणि निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात. तोवर आपल्याकडे पदवीच्या प्रवेशाची धामधूम सुरू झालेली असते. भारतीय विद्यापीठ संघ हा डिप्लोमा बारावीच्या बरोबरीचा मानतो, तरी प्रवेशाच्या ऑनलाइन खिडकीत गुणांच्या जागी शाळेने दिलेला अंदाज भरून मुलाने महिनाभर श्वास रोखून बसायचं. सातशे-आठशे डॉलर भरणाऱ्याला हे जमतं. महापालिकेच्या शाळेतून आलेल्याला ही महिनाभराची अनिश्चितता परवडत नाही. दुसरी अडचण क्लासेसची. अकरावी-बारावी म्हणजे जेईई, नीट आणि सीईटी, आणि कॉलेज म्हणजे फक्त नाव नोंदवायची जागा, असं आपण ठरवून टाकलं आहे. चार हजार शब्दांच्या निबंधासाठी ग्रंथालयात बसणाऱ्या मुलाची आई दर रविवारी शेजारच्या मुलाचे टेस्ट सिरीजचे गुण ऐकत असेल, तर त्या मुलाला तिथे किती आठवडे बसू देईल? शिकागोतल्या मुलांना हा शेजारी नव्हता. पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात तो प्रत्येक मजल्यावर आहे, आणि महापालिकेची एखादी शाळा उद्या या वाटेला गेलीच तर मुख्याध्यापकांना पहिली पालकसभा बहुधा याच एका विषयावर घ्यावी लागेल.